काज

मन्मथ बिरादार दिवसभर उदगीरला
वीजबिलाच्या खिडकीमागं बसतो
आणि रात्री मंत्रवज्र लिहितो.
चित्रं माझी. स्पेअर पार्टच्या दुकानावरची खोली,
खाली पिस्टन, वर मी.

मंत्रवज्र तसा जुना. आमच्या लहानपणी
बोट फिरवलं की वीज, डोळे वटारले की राख,
निळी कफनी, आणि मंत्र असा
की वाचताना जीभ दाताखाली यावी.
वीस वर्षं बंद होता. प्रकाशक म्हणाले, उठवा त्याला.
मी निळ्या शाईच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या.

मन्मथनं पहिलं पान दिलं.
चौकट एक: मांजरेला पूर. पुलावर बस तिरपी.
चौकट दोन: तो हात वर करतो.
चौकट तीन: बस पलीकडं, रस्त्यावर, कोरडी.
कंडक्टर माणसं मोजतोय.
चौकट चार: औसा. मैनोद्दीन टेलर,
हातात सुई, मांडीवर शर्ट.
काज कसं करतात ते
त्यांना आठवत नाही.

म्हटलं, ह्याचा त्याचा काय संबंध?
"दिवा कुठंबी लागू दे," मन्मथ म्हणाला,
"मीटर कुणाचं तरी फिरतंच.
मी रोज बघायलो की खिडकीतून.
ह्याच्या विजेचं बिल कुठं जातंय
कामून विचारलं नाही कुणी आजवर?"

मग पुढं बावीस पानं राक्षसच नाही.
मंत्रवज्र उडत नाही. उडाला
तर देवणीत कुणीतरी
आपल्याच गाईची हाक विसरायचं.
तो यष्टीनं येतो, उभ्यानं,
कफनी घडी घालून पिशवीत.
औशात दारोदार विचारतो,
गेल्या मंगळवारी तुमचं काही गेलं का?
लोक सांगतात. एकाचं पाकीट.
एकीचा नवऱ्यावरचा विश्वास,
पण तो सोमवारीच गेला होता.

शेवटी सापडतात मैनोद्दीन.
शर्ट शिवून तयार, बटणं लावलेली,
समोरची पट्टी मात्र कोरी.
गिऱ्हाईक आरशापुढं
दोन्ही हातांनी छाती मिटून उभं.

गेलेलं जादूनं परत देता येत नाही,
ही मन्मथची अट. म्हणून मंत्रवज्र
मागच्या गल्लीतल्या दुसऱ्या टेलरकडं
काज शिकायला बसतो.
बस उचलणाऱ्या बोटांना
दोरा ओवता येत नाही.
"चौदा चौकटी," स्क्रिप्टमध्ये लिहिलंय,
"फक्त सुई आणि बोटं. घाई करू नको."

मला काज काढताच येईना.
रविवारी दोघं चौबाऱ्यात गेलो,
एका म्हाताऱ्या टेलरजवळ तासभर बसलो.
आधी चीर. मग टाका, टाक्याला गाठ,
गाठीला चिकटून दुसरी गाठ,
टोकाला आडवा टाका, नाहीतर फाटत जातं.
कशाला विचारायलाव, ते म्हणाले.
मन्मथ म्हणाला, काम आहे जरा.
ते चष्म्यावरून हसले:
"काजाशिवाय कुठलं काम."

प्रकाशकांचा फोन आला. वीज कुठंय?
पोरं पैसे विजेचे देतात.
मन्मथनं सगळं ऐकलं, खिडकीवर ऐकतो तसं,
शिक्का मारल्यासारखा हो म्हणाला
आणि एक चौकट बदलली नाही.

शेवटचं पान काल रात्री काढलं.
मैनोद्दीनचा हात, त्याला धरून ह्याचा हात,
पहिलं काज, वाकडं. बटण शिरतं.
ती बोटं मला एका रेघेत आली,
न खोडता, पेन्सिल न लावता,
इतकी सहज की मी स्वतःशीच हसलो,
चहा ठेवला,
मग गॅस बारीक करून
गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

खाली कुल्फीवाला गाडी ढकलत चालला होता.
रोज ह्या वळणावर घंटी वाजवतो.
वळणावर थांबला. हात दांड्यापर्यंत नेला,
तसाच धरून राहिला.

मी गॅस बंद केला
आणि चपला शोधू लागलो.